दही, माश्या आणि मोजे

बुद्धिबळात लबाडीला वाव नाही, अशी या खेळाची जुनी ख्याती आहे. पत्त्यांत पान लपवता येते, कॅरममध्ये कोपर हळूच पुढे सरकवता येते, क्रिकेटमध्ये चेंडूला सँडपेपर घासता येतो. बुद्धिबळात मात्र बत्तीसच्या बत्तीस सोंगट्या दोघांच्या डोळ्यांसमोर उघड्या मांडलेल्या असतात. याचा परिणाम उलटाच झाला. इतर खेळांत हरलेल्याला खेळपट्टी, वारा, पंच, फासे असे काही ना काही बोल लावायला मिळते. बुद्धिबळात हरलेल्यापुढे दोनच वाटा उरतात: आपल्याला कमी कळते हे कबूल करणे, नाहीतर समोरच्याने काहीतरी केले असे म्हणणे. पहिल्या वाटेने गेलेल्यांची संख्या अगदी थोडी आहे.

या संशयाचे दोन कालखंड पडतात. संगणकाच्या आधी संशय असा असे की, समोरचा मला वाईट खेळायला लावतो आहे. संगणक आल्यावर संशय असा झाला की, समोरचा चांगला खेळतो आहे. पहिल्या काळात आरोप करणाऱ्याला निदान थोडी कल्पनाशक्ती लागत असे.

आरंभीच्या संशयाला मात्र भक्कम आधार होता. 1770 मध्ये वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यासमोर बुद्धिबळ खेळणारे यंत्र सादर केले. पागोटे घातलेला लाकडी तुर्क एका मोठ्या पेटीमागे बसलेला असे. खेळापूर्वी पेटीची दारे उघडून आतली चाके-दाते लोकांना दाखवले जात. मग दारे बंद होत आणि तुर्क भल्याभल्यांना हरवी. 1809 मध्ये त्याने नेपोलियनलाही हरवले. आत माणूस असणार, अशी शंका पुष्कळांना होती, आणि आत माणूस होताच. 1854 मध्ये फिलाडेल्फियातील आगीत तुर्क जळून गेला. पहिलाच संशय खरा निघाला, ही संशयशास्त्राची खरी अडचण. लोकांना चटक लागली.

आधुनिक संशयशास्त्राचा पाया 1972 मध्ये आइसलंडमधील रेक्याविक येथे घातला गेला. अमेरिकेचा बॉबी फिशर आणि सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की यांच्यातील ही जगज्जेतेपदाची लढत. स्पास्की मागे पडू लागला तेव्हा सोव्हिएत चमूने लेखी तक्रार दिली की, सभागृहात काही विद्युत उपकरणे किंवा रसायने वापरून आमच्या खेळाडूच्या डोक्यावर परिणाम केला जात आहे. स्पास्की वाईट खेळतो आहे, एवढे साधे कारण मॉस्कोला कळवणे त्याहून अवघड होते. यजमानांनी तक्रार गंभीरपणे घेतली. खुर्च्यांचे एक्स-रे काढले. पटावरच्या दिव्यांचे सांगाडे उघडून पाहिले. त्यांत दोन मेलेल्या माश्या सापडल्या. त्या कोणत्या देशाच्या होत्या, कोणाच्या सांगण्यावरून आल्या होत्या आणि मेल्या कशाने, याचा तपास पुढे गेला नाही. फिशर साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जिंकला.

पण या विद्येचा खरा कळस चढला तो 1978 मध्ये, फिलिपिन्समधील बागिओ या थंड हवेच्या ठिकाणी. एका बाजूला सोव्हिएत सरकारचा लाडका अनातोली कार्पोव्ह. दुसऱ्या बाजूला दोन वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅममध्ये स्पर्धेला म्हणून जाऊन तिकडेच राहिलेला विक्टर कोर्चनॉय. एक घरचा, एक घर सोडून गेलेला. भावकीतल्या वाटणीला येते तशी रंगत या लढतीला आली. कोर्चनॉयने स्वतःची खुर्ची बरोबर आणली होती. सोव्हिएत मंडळींनी ती सुटी करून एक्स-रेला पाठवली. खुर्ची निर्दोष सुटली.

मग दही आले. दुसऱ्या डावात वाढप्याने कार्पोव्हला जांभळ्या रंगाचे दही आणून दिले. कोर्चनॉयच्या गोटातून ताबडतोब लेखी हरकत गेली. हरकतीचा मुद्दा असा की, बाहेरून येणारा खाद्यपदार्थ हा सांकेतिक निरोप असू शकतो. विसाव्या चालीनंतर दही आले तर त्याचा अर्थ ‘बरोबरी नाकार’, आंब्याच्या फोडी आल्या तर ‘बरोबरी सुचव’, लहान पक्ष्याची मुरवलेली अंडी आली तर ‘घोडा अमुक घरात टाक’. पत्रात चेष्टेचा भाग होता, असे कोर्चनॉयच्या बाजूने पुढे सांगण्यात आले. पण कचेरीत दाखल झालेला कागद चेष्टेचा राहत नाही. पंच लोथार श्मिट यांनी रीतसर निवाडा दिला: दही मिळेल, जांभळेच मिळेल, ठरल्या वेळी मिळेल आणि ठरलेलाच वाढपी ते आणेल. आंब्याच्या फोडींवर निवाडा झाला नाही. संकेतभाषेत आंब्याचा अर्थ तडजोड असा लावणाऱ्याने आंबा पंगतीत कधी खाल्ला नसावा.

दह्याचा प्रश्न मिटतो तोच नजरेचा प्रश्न उभा राहिला. सोव्हिएत चमूत व्लादिमीर झुखार नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते प्रेक्षकांत पुढच्या बाजूला बसत आणि तासन्‌तास कोर्चनॉयकडे टक लावून पाहत. मराठी घरात असे झाले असते तर आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या असत्या, आणि मोहऱ्यांच्या खेळाला लागलेली दृष्ट मोहऱ्यांनीच उतरली असती. कोर्चनॉयने आरशाच्या काचांचा चष्मा लावला. त्यावर चष्म्याचा उजेड कार्पोव्हच्या डोळ्यांत जातो, अशी उलट तक्रार आली. झुखारांना मागच्या रांगेत बसवण्यावरून वाटाघाटी झाल्या. शेवटी कोर्चनॉयने भारतीय उपाय शोधला. आनंदमार्ग या पंथाचे दोन अमेरिकी अनुयायी त्याने ध्यानधारणा शिकवायला ठेवले. ते भगवी वस्त्रे नेसून सभागृहात पद्मासन घालून बसू लागले. एका भारतीय राजनैतिक अधिकाऱ्यावरील खुनी हल्ल्याच्या खटल्यात दोषी ठरून ते जामिनावर बाहेर होते, हे उघड झाल्यावर त्यांना सभागृह बंद करण्यात आले. तीन महिने, बत्तीस डाव, त्यांपैकी एकवीस बरोबरीत. कार्पोव्ह सहा विरुद्ध पाच विजयांनी जिंकला. एवढ्या कटकारस्थानांतून कोणाला एखाद्या चालीचा फायदा झाल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

इथपर्यंतचा काळ निरागस होता. कारण कार्पोव्हला चाल सुचवायची, तर कार्पोव्हपेक्षा चांगली चाल सुचवणारा कोणीतरी हवा, आणि तसा माणूस पृथ्वीवर मोठ्या मुश्किलीने एखादा असेल. तो असलाच तर समोरच्या खुर्चीत बसलेला. संगणकाने ही टंचाई संपवली.

सुरुवात बाळबोध होती. 1993 मध्ये फिलाडेल्फियात वर्ल्ड ओपन स्पर्धेला एक अपरिचित गृहस्थ आले. कानांना हेडफोन, खिशात फुगवटा, आणि तो फुगवटा अधूनमधून गुणगुणे. नाव नोंदवले होते जॉन फॉन नॉयमन, म्हणजे संगणकशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एकाचे. चोराने दरोड्याच्या जागी स्वतःची ओळख ‘वाल्या कोळी’ म्हणून करून द्यावी, तसला हा प्रकार. त्यांनी हेल्गी ओलाफसन या आइसलंडच्या ग्रँडमास्टरला बरोबरीत रोखले. बक्षीस घ्यायच्या वेळी आयोजकांनी त्यांना एक सोपे कोडे सोडवायला दिले. ते सुटले नाही. बक्षीस रोखले गेले आणि गृहस्थ निघून गेले.

1997 मध्ये न्यूयॉर्कला उलटा प्रकार घडला. गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाशी खेळत होता. दुसऱ्या डावात संगणकाने अशी काही समजूतदार चाल केली की कास्पारोव्हला संशय आला, यामागे माणूस आहे. त्याने यंत्राच्या नोंदी मागितल्या. लढत तो अडीच विरुद्ध साडेतीन गुणांनी हरला. संगणकाने माणसाची मदत घेतली असा आरोप जगज्जेत्याने करण्याची ही शेवटचीच वेळ असावी. त्या तुर्काला हे ऐकून आनंद झाला असता.

पुढे यंत्र लहान होत गेले. 2009 मध्ये ब्युनोस आयर्स येथील कोपा मर्कोसुर स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ नावाचा प्रोग्रॅम चक्क एका मोबाइल फोनवरून खेळला आणि दहापैकी साडेनऊ गुण मिळवून पहिला आला. म्हणजे जगज्जेता आता शर्टाच्या खिशात मावू लागला. नियमांचा रोख तर त्याआधीच फोनवर आला होता. त्याचा पहिला मोठा बळी लबाड नव्हता. 11 ऑक्टोबर 2003 रोजी बल्गेरियातील प्लॉव्हडिव्ह येथे युरोपीय सांघिक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत रुस्लान पोनोमारिओव्ह खेळत असताना त्याचा फोन वाजला. डाव तिथेच गेला. त्या दिवशी त्याचा विसावा वाढदिवस होता. फोन कशासाठी आला असेल, याचा तर्क कोणीही करावा.

नजर आणि दही यांच्यानंतर संशयाने मुक्काम हलवला तो शौचालयात. 2006 मध्ये रशियातील काल्मिकिया प्रांताच्या एलिस्ता या राजधानीत व्लादिमीर क्रामनिक आणि बल्गेरियाचा वेसेलिन टोपालोव्ह यांची जगज्जेतेपदासाठी गाठ पडली. काल्मिकियाचे अध्यक्ष किरसान इल्युमझिनोव्ह हेच जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचेही अध्यक्ष. 1997 मध्ये परग्रहावरची मंडळी आपल्याला यानातून फिरवून आणून सोडून गेली, असे ते स्वतः सांगत. त्यांच्या अंगणात घडलेल्या गोष्टींतली शौचालयाची गोष्ट त्या मानाने साधीच म्हणायची.

चार डावांनंतर क्रामनिक तीन-एक असा पुढे होता. टोपालोव्हचे व्यवस्थापक सिल्विओ दानाइलोव्ह यांनी तेव्हा जाहीर पत्र काढले: क्रामनिक एका डावात पन्नासहून अधिक वेळा शौचालयात जातो, आणि संपूर्ण इमारतीत कॅमेरा नाही तो नेमका तिथेच. पन्नास हा आकडा कोणी मोजला, मोजणाऱ्याला त्या दिवशी दुसरे काही काम होते की नाही, हे पत्रात नव्हते. क्रामनिकच्या व्यवस्थापकांनी खुलासा केला की तो पाणी फार पितो आणि विचार करताना येरझाऱ्या घालतो. तक्रार समितीने दोघांची खासगी शौचालये बंद करून सामाईक शौचालय वापरण्याचा हुकूम काढला. चाळीत राहिलेल्या कोणालाही या हुकमाचे परिणाम आधी सांगता आले असते. क्रामनिक आपल्या कुलूपबंद शौचालयाबाहेर बसून राहिला, पटावर गेलाच नाही, आणि पाचवा डाव त्याच्या नावावर हार म्हणून लागला. जगज्जेतेपदाच्या लढतीतला एक पूर्ण गुण एका कडीकोयंड्याने घेतला. पुढे समिती बदलली, कुलूप निघाले, लढत बरोबरीत सुटली आणि जलद डावांत क्रामनिक जिंकला. मधल्या काळात दानाइलोव्ह यांनी नवे अस्त्र काढले होते: क्रामनिकच्या अमुक टक्के चाली फ्रिट्झ या प्रोग्रॅमशी जुळतात. चांगली चाल हाच पुरावा, या विचाराची ही जाहीर मुंज. जगज्जेता आणि संगणक यांचे एकमत होत असेल तर गुन्हा कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतो आहे.

एलिस्ताचा संशय सिद्ध झाला नाही. पण जागा बरोबर होती. 2015 मध्ये दुबई ओपन स्पर्धेत जॉर्जियाचा राष्ट्रीय विजेता गायोझ निगालिद्झे हा आर्मेनियाच्या तिग्रान पेट्रोस्यानशी खेळत होता. (हा जुना जगज्जेता पेट्रोस्यान नव्हे, त्याच नावाचा नंतरचा ग्रँडमास्टर.) महत्त्वाची चाल आली की निगालिद्झे उठे आणि शौचालयात जाई. पेट्रोस्यानच्या लक्षात आले की शेजारच्या खोल्या मोकळ्या असल्या तरी हा एकाच खोलीत जातो. माणसाला सवयीची जागा लागते हे खरे, पण परक्या गावात, स्पर्धेच्या ठिकाणी, इतकी माया? पंचांनी ती खोली तपासली. भांड्यामागे टॉयलेट पेपरमध्ये गुंडाळलेला फोन सापडला. निगालिद्झेने तो आपला नाही असे सांगितले. फोन उघडला तर आत त्याच्या नावाचे खाते चालू होते आणि पडद्यावर चालू डाव मांडलेला होता. तीन वर्षांची बंदी झाली, ग्रँडमास्टर किताब गेला.

2019 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे तेच. इगोर्स राउसिस, वय 58. ज्या वयात खेळाडूचे रेटिंग आणि गुडघे बरोबरीने उतरतात, त्या वयात याचे रेटिंग काही वर्षांत चढत चढत 2700 च्या उंबरठ्यावर आले होते. फिडेच्या आकडेतज्ज्ञांची नजर होतीच. पण आकड्यांनी नव्हे, शौचालयात फोन हातात घेऊन बसलेल्या राउसिसच्या एका छायाचित्राने प्रकरण मिटवले. छायाचित्र वरून काढलेले होते. ते काढणाऱ्याने नियमांत कोणती शिडी वापरली, हा वेगळा विषय आहे. राउसिसने कबुली दिली आणि खेळ सोडत असल्याचे सांगितले.

शौचालयाखालोखाल मान आहे पायांचा. बल्गेरियाचा बोरिस्लाव इव्हानोव्ह हा मध्यम वकुबाचा खेळाडू 2012 अखेरीस क्रोएशियातील झादार येथे एकामागून एक ग्रँडमास्टरना लोळवू लागला. आयोजकांनी एका फेरीत डावाचे थेट प्रक्षेपण बंद केले. तो डाव तो झटपट हरला. झडतीत काहीच सापडले नाही. पुढच्या वर्षी बूट काढून दाखव म्हटल्यावर त्याने नकार दिला आणि कारण सांगितले की मोज्यांना वास येतो. बुद्धिबळाच्या इतिहासातला हा सर्वांत भक्कम बचाव. पुढे सरकून खात्री करायला कोणीही धजावले नाही.

भारतही मागे नाही. 2006 मध्ये दिल्लीतील एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथचे यंत्र शिवलेले निघाले आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. 2015 मध्ये दिल्लीतच एका तरुणाच्या पायांना दोन मोबाइल बांधलेले सापडले, कानात इवलेसे यंत्र होते आणि डाव दूरवर बसलेल्या मित्राला पायाच्या ठेक्याने कळवला जाई. त्याच्यासमोर बसले होते मुंबईचे ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे. त्यांना खटकले ते चालीचे वेळापत्रक. चाल सोपी असो की डोके फोडणारी, पोरगा सारखाच वेळ घेई. माणूस विचार करतो तेव्हा त्याची लय बिघडते. मित्राचा निरोप मात्र नियमित गाडीसारखा येतो. चार दशकांच्या सरावातून आलेली ही नजर कोणत्याही मेटल डिटेक्टरपेक्षा स्वस्त पडते.

केनियात 2023 मध्ये तर संगणकाची गरजही पडली नाही. नैरोबीतील खुल्या स्पर्धेच्या महिला गटात बुरखा आणि चष्मा घातलेली एक खेळाडू आली. कोणाशी बोलेना आणि सामने मात्र जिंके. पंचांची नजर खाली गेली. बूट पुरुषी होते. आत 25 वर्षांचा तरुण होता. इव्हानोव्हने बूट न काढून संशय वाढवला, याने न बदलून.

सर्वांत कष्टाळू लबाडी मात्र फ्रेंचांची. 2010 च्या खांती-मानसिस्क ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सचा सेबास्तिआँ फेलर खेळत होता. मायदेशात सिरिल मार्झोलो हा खेळाडू संगणकावर डाव पाही आणि चाल आकड्यांत एसएमएसने पाठवी. तो निरोप घेऊन प्रशिक्षक आर्नो ओशार सभागृहात फिरत आणि एका ठराविक टेबलामागे जाऊन उभे राहत. कोणत्या टेबलामागे उभे आहेत, त्यावरून पटावरचे घर कळे. म्हणजे सगळे सभागृह हा एक मोठा पट आणि प्रशिक्षक ही त्यावरची चालती सोंगटी. बरेच दिवस कोणाला काही कळले नाही, कारण कंटाळलेला प्रशिक्षक इकडून तिकडे हिंडणे याइतके स्वाभाविक दृश्य बुद्धिबळात दुसरे नाही. बिंग फुटले ते फ्रेंच महासंघाच्या एका पदाधिकाऱ्याच्या नजरेला फोनवरचा निरोप पडल्यामुळे.

हातात वस्तू सापडत नाही तेव्हा आकडेशास्त्र येते. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे प्राध्यापक केनेथ रीगन हे त्यातले मोठे नाव. एखाद्या रेटिंगच्या खेळाडूच्या किती चाली संगणकाशी जुळायला हव्यात याचा ते अंदाज बांधतात आणि प्रत्यक्षातले जुळणे त्याहून किती जास्त आहे ते मोजतात. बथ्थड लबाड यात सापडतो. हुशार खेळाडूला मात्र सगळा डाव विचारायचा नसतो. पूर्ण डावात एकदा ‘आत्ता काहीतरी आहे’ एवढी कोणी कुजबुज केली तरी त्याचे काम होते, आणि एका कुजबुजीचे आकडेशास्त्र होत नाही. उलट बाजूने, आकडे हाती आले की हौशी तपासनीस जन्माला येतात. 2023 मध्ये हिकारू नाकामुराने ऑनलाइन झटपट डावांत 46 पैकी साडेपंचेचाळीस गुण मिळवले तेव्हा त्याकडे बोट दाखवणारा गृहस्थ होता क्रामनिक. तोच, एलिस्ताच्या कुलूपबंद दाराबाहेर बसलेला. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाने तपास करून गैर काही आढळले नाही असे जाहीर केले.

ऑनलाइन बुद्धिबळात तर बूटही दिसत नाहीत. जून 2021 मध्ये करोना मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद काही नामवंतांशी खेळला. उद्योजक निखिल कामत यांनी त्याला हरवले. दुसऱ्या दिवशी कामत यांनी संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतल्याचे सांगून माफी मागितली, आणि आपण आनंदला खरेच हरवले असे लोकांना वाटावे याचेच आश्चर्य व्यक्त केले. ते आश्चर्य रास्त होते.

सर्वांत गाजलेले प्रकरण 4 सप्टेंबर 2022 चे. सेंट लुईस येथील सिंकफील्ड चषकात 19 वर्षांच्या हान्स नीमनने काळ्या सोंगट्यांनी तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याला हरवले. कार्लसनने दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडली आणि फुटबॉल प्रशिक्षक मोरिन्यो यांची ‘बोललो तर गोत्यात येईन’ अशा अर्थाची चित्रफीत टाकली. आरोप न करता आरोप करण्याची ही कला आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेच्या सभांत फार पूर्वीच विकसित झाली आहे. नीमनने लहानपणी, बारा आणि सोळा वर्षांचा असताना, ऑनलाइन लबाडी केल्याचे कबूल केले. पटावर कधीच नाही, असे सांगितले. मग जगभरातल्या रिकाम्या डोक्यांनी एक तर्क काढला: माणूस ज्या भागावर बसतो त्या भागात कंप पावणारे यंत्र असावे. तो थट्टेतून निघाला आणि इलॉन मस्कपर्यंत गेला. झडती घेणाऱ्या सुरक्षारक्षकाचे यंत्र नीमनच्या मागच्या बाजूवरून जरा जास्त वेळ फिरू लागले. नीमनने विवस्त्र खेळण्याची तयारी दाखवली. सुदैवाने प्रायोजकांनी तिकडे लक्ष दिले नाही. प्रक्षेपण पंधरा मिनिटे उशिराने दाखवायला सुरुवात झाली, आणि या साऱ्या गोंधळातून निघालेला हाच काय तो कामाचा उपाय.

चेस डॉट कॉमने 72 पानांचा अहवाल काढला: नीमनने शंभरहून अधिक ऑनलाइन डावांत बहुधा लबाडी केली, पटावरच्या लबाडीचा थेट पुरावा नाही. नीमनने दहा कोटी डॉलरचा दावा लावला. जून 2023 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला, ऑगस्टमध्ये आपसात तडजोड झाली. डिसेंबरमध्ये फिडेच्या शिस्तपालन समितीचा निकाल आला. दंड झाला तो एकट्या कार्लसनला: योग्य कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल 10,000 युरो.